काढताना मशीन, आवळताना हात: बॅटरीवरचा इम्पॅक्ट रेंच नव्याने घेणाऱ्यांसाठी

मागच्या मार्चमध्ये गल्लीत कूलर बाहेर काढायची घाई सुरू झाली, तेव्हा शेजारचा पोट्टा नवाकोरा इम्पॅक्ट रेंच, म्हणजे ठोके मारून नट-बोल्ट फिरवणारं मशीन, घेऊन अंगणात आला. पावसाळाभर बाहेरच राहिलेल्या लोखंडी स्टँडचे चार बोल्ट गंजून दगड झाले होते. त्याने गोटी (नटावर बसणारा सॉकेट) लावली, बटण दाबलं, टर्रर्र आवाज झाला आणि तीन बोल्ट निमूट सुटले. चौथ्याचं डोकंच तुटून हातात आलं. "काका, मी तं फक्त दाबून राह्यलो होतो," तो म्हणाला. खरं होतं ते. त्याच्या हाताला काही कळलंच नव्हतं.

हाताला न कळणं हा या यंत्राचा स्वभाव आहे, आणि नवख्याला त्याचीच सवय नसते. त्यामुळे आधी आत काय चालतं ते समजून घेऊ, मग बटणाला हात लावू.

मी स्वतः हा रेंच घेतला तो रागाने. नागपूरच्या अमरावती रोडला कोंढाळीच्या पुढे टायर बसला. स्टेपनी काढली, पाना लावला, नट हलेना. आदल्या महिन्यात एका टायरच्या दुकानात हवेच्या गनने धाडधाड आवळून दिले होते. पान्यावर उभा राहिलो तर पान्याचंच तोंड फाकलं. शेवटी एका ट्रकवाल्याने पान्यात घालायला लांब पाइप दिला, तेव्हा कुठे चाक निघालं. घरी येऊन बॅटरीवरची गन, म्हणजे हाच रेंच, घेतली आणि पंधरा दिवसांत तेच पाप स्वतःच्या गाडीवर केलं: जास्त आवळून एका स्टडचे (ज्यावर चाकाचा नट बसतो त्या बोल्टचे) आटे घालवले. टायरवाल्याला शिव्या देणं तेव्हापासून बंद आहे.

आत काय चालतं

ड्रिल मशीनचं बिट भिंतीत अडकलं की मशीन मनगट पिरगाळतं, हे बहुतेकांनी अनुभवलेलं असतं. इम्पॅक्ट रेंच तसं करत नाही. त्यात मोटर एका जड हातोड्याला गोल फिरवते. हातोड्यासमोर ऐरण असते आणि ऐरणीचं चौकोनी टोक बाहेर आलेलं असतं, ज्यावर आपण गोटी चढवतो. नट सैल असेपर्यंत हातोडा आणि ऐरण बरोबर फिरतात. नटाने अडवलं की स्प्रिंग दबते, हातोडा मागे सरकतो, निसटतो आणि फिरत पुढे येऊन ऐरणीच्या कानांवर आदळतो. असे मिनिटाला दोन-तीन हजार ठोके. प्रत्येक ठोका इतका क्षणभराचा की त्याचा उलटा झटका मनगटापर्यंत फारसा येत नाही, पण नटापर्यंत पूर्ण पोचतो.

साध्या पान्याने आवळताना खांदा सांगतो की आता बस. इथे सांगणारं कोणी नाही. दोन सेकंद दाबलं काय आणि सहा सेकंद दाबलं काय, हातात तीच थरथर. नटाच्या बाजूने मात्र त्या चार सेकंदांत शंभर-दोनशे ठोके जास्त पडलेले असतात.

दुकानात काय बघायचं

नागपूरच्या बाजारात, म्हणजे इतवारीत, लोहा ओळीत किंवा गांधीबागेत विचारलं तर तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाने पुढे येतात. षटकोनी खाच असेल तर तो इम्पॅक्ट ड्रायव्हर: टिनाच्या शेडचे स्क्रू, फर्निचर वगैरेंसाठी. चौकोनी टोक असेल तर रेंच. कारच्या चाकांसाठी अर्धा इंच चौकोन घ्यावा. ट्रकच्या चाकांसाठी पाऊण किंवा एक इंचाचं मशीन लागतं; अर्ध्या इंचाच्या गनने ट्रकचा नट काढायला बसू नये.

खोक्यावरच्या आकड्यांनी भुलू नका. लिथियम-आयन सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरल्यावर ४.२ वर जातो. पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट. भरल्या क्षणी मोजलं तर २१. त्यामुळे एका कंपनीचा १८, दुसरीचा २० आणि तिसरीचा २१ हा बहुधा एकच माल असतो. पाच सेलच्या पॅकवर ४८, ८८ किंवा १२८ असा आकडा आणि त्यापुढे एखादं अक्षर छापलेलं दिसलं, तर तो आकडा कशाचाच नाही. तसं छापणारा बॅटरीच्या सुरक्षेबद्दल किती खरं बोलत असेल, हा माझा साधा हिशोब.

जोराचा आकडा न्यूटन-मीटरमध्ये असतो आणि मोठा आकडा सहसा सोडवतानाचा असतो. कारसाठी ३०० ते ४०० पुरे. त्याच्या वरचं घेऊन नवख्याला फक्त तोडायची सोय होते. बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो नसेल तर स्वस्तात मिळालं म्हणून आनंद मानू नका.

आणखी एक, खास आपल्याकडचं. अमेरिकेत असलेल्या लेकाने किंवा भाच्याने येताना टूल आणलं असेल तर चार्जरची मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. "इनपुट १००–२४०" लिहिलं असेल तर हरकत नाही. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो चार्जर काही क्षणांत गेला समजा, आणि जाताना काय घेऊन जाईल सांगता येत नाही. त्याच कंपनीचा इथला चार्जर घ्या.

गोटी काळीच घ्यायची

घरात आधीपासून चमकणाऱ्या गोट्यांचा सेट असतो. गनवर बसतोही बरोबर. पण तो हाताने फिरवायच्या पान्यासाठी असतो. त्याचं पोलाद कडक आणि पातळ. ठोक्यांखाली त्याला तडा जातो आणि तुकडा सुसाट उडतो. माझी १९ ची चकचकीत गोटी अशीच फाटली. तुकडा कूलरच्या पत्र्याला पोचा पाडून गेला, माझ्या गुडघ्याच्या वीतभर वरून. इम्पॅक्टच्या गोट्या काळ्या, जाड आणि बहुधा क्रोम-मॉलिब्डेनमच्या असतात. त्या ठोका थोडा पचवतात.

सहा कोनांची गोटी घ्या, बारा कोनांची नाही. बारावाली गंजक्या नटाचे कोपरे गोल करते. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना १९ मिलिमीटर लागते, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांना २१. खात्री स्वतःच्या गाडीवर बसवून करा. अलॉय व्हील असेल तर प्लॅस्टिकचं आवरण असलेली पातळ भिंतीची लांब गोटी येते, नाहीतर चाकावर ओरखडे पडतात. एक्स्टेन्शन रॉडही इम्पॅक्टचाच हवा, आणि तो जितका लांब तितका जोर वाटेत खर्च होतो.

गोटी चढवताना-काढताना बॅटरी काढून ठेवा. आळस आला तर निदान दिशा बदलायचं बटण मधोमध आणा. तिथे ट्रिगर दबत नाही. मी मात्र बॅटरीच काढतो, कारण मधोमध आहे असं वाटणं आणि असणं यात एकदा फरक पडला होता.

पहिलं चार्जिंग, आणि नागपूरचा मे

नवीन बॅटरी अर्धवट भरलेली येते. आठ तास चार्ज करूनच वापरा हा सल्ला जुन्या काळच्या बॅटऱ्यांचा. लिथियमला तो लागू नाही. पूर्ण भरली की काढायची, झालं. मध्येच काढून वापरली तरी तिला राग येत नाही. उलट पार संपेपर्यंत पिळू नका. गन मंद वाटायला लागली की थांबा.

वेळेचा अंदाज असा काढा: बॅटरीवर ४ अँपिअर-अवर लिहिलंय आणि चार्जरवर आउटपुट २ अँपिअर, तर ४ भागिले २ म्हणजे दोन तास. शेवटचा टप्पा हळू चालतो, म्हणून अर्धा तास वरचा धरा. अडीच तासांचं काम पाच तास झाले तरी संपत नसेल तर काहीतरी बिघडलंय. प्लग काढा.

आता उन्हाचं. बहुतेक कंपन्या चार्जिंगसाठी ४० ते ४५ अंशांपर्यंतचीच परवानगी देतात. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, सावलीतच तेवढं असतं. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि ज्याच्या त्याच्या फोनवर तो आकडा फिरला. मग सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं. पण ४५ साठी नागपुरात सेन्सर बिघडावा लागत नाही. टिनाच्या शेडमध्ये त्याहून वर, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर आणखीच वर. एवढ्या तापलेल्या सेलमध्ये वीज भरली की आतलं रसायन झिजतं, क्षमता जाते आणि फुगण्याची शक्यता वाढते. बाहेरून दिसत काहीच नाही. नटासारखंच इथेही हाताला उशिरा कळतं.

चांगला चार्जर तापलेली बॅटरी लावली की नकार देतो: दिवा लुकलुकतो, चार्जिंग सुरू होत नाही. पोट्टे मग "चार्जर खराब निघाला" म्हणून दुकानात भांडायला जातात. चार्जर शहाणा असतो. अर्धा तास थांबा. स्वस्तातल्या मशीनसोबत मात्र मोबाइलसारखा बारीक पिनेचा ॲडॅप्टर येतो. त्यातल्या बऱ्याच जणांना बॅटरीचं तापमान कळायची सोयच नसते. तिथे ते शहाणपण तुम्हाला दाखवावं लागेल.

माझी पद्धत सांगतो. एप्रिल ते जूनमध्ये चार्जिंग सकाळी सहा ते नऊच्या मधे. काम संपल्यावर बॅटरी गनमधून काढायची, घरातल्या सावलीत फरशीवर ठेवायची, तळहाताला कोमटही लागेनाशी झाली की चार्जरवर. पंख्याखाली ठेवली तर उत्तम. कूलरसमोर ठेवू नका, हे मुद्दाम सांगतो, कारण नागपुरात प्रत्येकाला पहिली तीच युक्ती सुचते. कूलरची हवा ओली असते, कधी कधी थेंबही येतात, आणि बॅटरीची पट्टीवजा टोकं उघडी असतात. फ्रिजमध्ये तर अजिबात नको. बाहेर काढल्यावर तिला घाम फुटतो, आत आणि बाहेरही.

जागा कुठली? फरशी, कडप्पा, सिमेंटचा ओटा. गादी, सोफा, लाकडी कपाटाचा माथा आणि कूलरचा पत्रा सोडून. जवळ थिनर, पेट्रोल, कापसाच्या चिंध्या नकोत. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत जिन्याखाली इन्व्हर्टर असतो आणि तिथलंच सॉकेट रिकामं सापडतं. तिथे लावू नका. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि शिवाय काही पेटलंच तर जिना म्हणजे वरच्या माणसांची बाहेर पडायची वाट. रात्रभर लावून झोपू नका. घराबाहेर जाताना लावू नका. लाइट गेली तर प्लग काढून ठेवा आणि परत आल्यावर पाच मिनिटांनी लावा. येताना व्होल्टेज कधी कधी उसळी घेतं.

एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या चार्जरवर बसत असली तरी लावू नका. बाजारात जुळवून देणारे तुकडे मिळतात. मशीन चालवायला कोणी ते वापरत असेल तर त्याचं तो बघेल, पण चार्जिंगसाठी नको.

महिना-दोन महिने काम नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली, गनबाहेर, घरातल्या थंड खोलीत ठेवा. टोकांवर प्लॅस्टिकचं झाकण लावा. खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकलेली बॅटरी एखाद्या खिळ्याने जोडली जाऊन तापल्याचं मी पाहिलंय. गाडीच्या डिकीत गन ठेवायची हौस प्रत्येकाला असते. हिवाळ्यात ठेवा. उन्हाळ्यात गन डिकीत आणि बॅटरी घरात, प्रवासाला निघताना सोबत. तेवढ्यासाठी कंटाळा येत असेल तर डिकीत चांगला लांब पाना ठेवा. त्याला ऊन बाधत नाही.

बॅटरी फुगली, तडकली, पाण्यात पडली, उंचावरून आपटली, पडून असताना गरम लागली किंवा तिला गोडसर रासायनिक वास येऊ लागला तर ती संपली. उघडून सेल बदलून घ्यायच्या भानगडीत पडू नका. धूर दिसला तर आधी मेन स्विच बंद करा, माणसं बाहेर काढा, १०१ किंवा ११२ ला फोन करा. सुरक्षित अंतरावरून शक्य असेल तर भरपूर पाणी ओता. वाळूने ज्वाळा दबतात, पण सेल थंड होत नाहीत आणि विझल्यासारखी दिसणारी बॅटरी परत पेटते. धूर छातीत घेऊ नका, तो विषारी असतो.

मेलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. भांडेवाडीच्या कचरा डेपोत उन्हाळ्यात कचऱ्याला आगी लागतात हे आपण बघतोच, त्यात भर नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.

पहिला हात कूलरच्या स्टँडवर

थेट चाकापासून सुरुवात करू नका. भंगारातला जाड बोल्ट-नट घ्या किंवा माझ्यासारखं कूलरचं स्टँड घ्या; तुटलं तर दहा रुपयांचा बोल्ट जाईल.

कपड्यांचं आधी बघा. उन्हात आपण डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळतो, त्याची शेपटी गळ्यात लोंबत असते. फिरत्या गोटीत ती गेली तर सोडवायला वेळ मिळत नाही. दुपट्टा काढा किंवा शर्टात खोचा. सैल बाह्या, गळ्यातला लॉकेटचा दोरा, मनगटातलं कडं, तेच. हातमोजे घालायचे तर अंगाबरोबर बसणारे. सुती, सुटे धागे निघालेले मोजे नकोत. डोळ्यांना चष्मा हवाच, नंबरचा चष्मा हा संरक्षणाचा चष्मा नाही. गंजाचे कण वर उडतात, विशेषतः गाडीखाली झोपून काम करताना. कानात बोळे घाला. पत्र्याच्या शेडमध्ये या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, आणि कान गेले की परत येत नाहीत.

गंजलेल्या बोल्टवर आधी तारेचा ब्रश, मग गंज सोडवणारं तेल, मग चहा. पंधरा-वीस मिनिटं तेलाला मुरू द्या. शेजारच्या पोट्ट्याची चूक इथेच झाली होती. चहाला थांबला नाही. गोटी नटावर पूर्ण खोल बसली का बघा. मशीन नटाच्या सरळ रेषेत धरा, तिरपं नको. दिशा तपासा. बटण हळू दाबा, ते जितकं दाबाल तितका वेग येतो. गोटी नटावर बसल्यावरच फिरवायची. हवेत फिरवून नटावर नेली तर कोपरे खाते. एक हात मुठीवर, दुसरा खाली आधाराला, आणि फिरत्या गोटीला बोटं कधीच लावायची नाहीत.

पाच-सात सेकंद ठोके मारूनही हलला नाही तर थांबा. परत तेल घाला. क्षणभर आवळायच्या दिशेला ठोका द्या, मग सोडवायच्या. अशा उलटसुलट ठोक्यांनी गंजाची पकड तुटते. तरी नाही, तर मशीन बाजूला ठेवून लांब दांडीचा पाना घ्या, कारण बोल्ट तुटणार असेल तर त्याआधी तो हाताला जरा मऊ लागतो. गनवर ते कळत नाही.

काही ठिकाणी हे मशीन लावायचंच नाही: स्पार्क प्लग, इंजिन ऑइलचा खालचा बोल्ट, ॲल्युमिनियममध्ये बसणारा कुठलाही बारीक बोल्ट आणि गॅसची कुठलीही जोडणी. पेट्रोल सांडलं असेल किंवा एलपीजी-सीएनजीचा वास येत असेल तर तिथे मशीन चालूही करायचं नाही. मोटरमध्ये ठिणग्या पडू शकतात.

आता चाक

गाडी सपाट जागी घ्या. मेमध्ये डांबर मऊ पडतं आणि जॅकचा पाय त्यात रुततो. पावसाळ्यात रस्त्याकडेची काळी माती तर त्याहून फसवी. डिकीत हातभर लांबीची जाड फळी ठेवा आणि जॅक त्यावर लावा. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, तिरकस समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी विटा लावा. समृद्धीसारख्या भरधाव महामार्गावर मात्र रहदारीच्या बाजूचं चाक स्वतः बदलायला बसू नका. माणसांना कठड्यापलीकडे उभं करून मदत बोलवा.

गाडी वर उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच, प्रत्येक नट अर्धा आटा सैल करा. इथे गन बिनधास्त वापरा, तिचं कामच ते. मग जॅकने उचला आणि काढलेली स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवा. जॅक घसरला तर गाडी तिच्यावर बसेल, तुमच्या पायावर नाही. नट पूर्ण काढा, बशीत ठेवा.

चाक चढवताना गन दूर ठेवा. प्रत्येक नट बोटांनी सुरू करा, निदान तीन-चार आटे. बोटांनी जात नसेल तर तो तिरपा बसलाय. गनने ढकललात तर आटे जातील आणि स्टडही. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, सोडवताना लावलं असेल तर पुसा. तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोराने नट ठरल्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो. नटाची निमुळती बाजू चाकाकडे आहे ना, बघा. घाईत उलटा बसवणारे भेटलेत मला.

बोटांनी बसले की गन सर्वांत कमी वेगावर ठेवून नुसतं टेकवा. ठोक्याचा पहिला आवाज आला की बोट काढा. पहिला टर्र म्हणजे नट टेकला. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर चांदणी काढतो तसे एक सोडून एक. ओळीने गोल फिरलात तर चाक एका बाजूला तिरपं बसतं.

गाडी खाली उतरवा. शेवटचं आवळणं हाताने. गाडीच्या पुस्तिकेत चाकाच्या नटाचा टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं तो आकडा, दिलेला असतो. छोट्या-मध्यम गाड्यांचा साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. टॉर्क रेंचवर (ठरवलेला जोर आला की टक् करणाऱ्या पान्यावर) तो आकडा लावा, त्याच चांदणीच्या क्रमाने फिरवा, "टक्" झालं की थांबा. दोनदा टक् करून खात्री करणाऱ्यांना मी हात जोडतो. प्रत्येक टक् थोडं पुढे नेतं. काम झालं की रेंच सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा, आणि त्याने नट सोडवू नका.

टॉर्क रेंच नसेल तर हिशोब करा. गाडीसोबतच्या पान्याची नटापासून टोकापर्यंतची लांबी मोजा. ती ३० सेंटिमीटर असेल आणि टोकावर ३० किलोचा दाब दिला, तर ०.३ गुणिले ३० गुणिले ९.८, म्हणजे साधारण ८८ न्यूटन-मीटर. ३० किलोचा दाब म्हणजे किती, हे घरच्या वजनकाट्यावर तळहाताने दाबून एकदा बघून ठेवा. दोन-तीनदा केलं की हाताला आठवण राहते. त्याच पान्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला तर २०० च्या वर जातं. कोंढाळीजवळ मी नट सोडवायला असाच उभा होतो आणि ते हलले नव्हते. म्हणजे त्या दुकानातल्या गनने किती आवळले असतील, हे तुम्हीच काढा.

टॉर्क कमी पडेल या भीतीने शेवटी गनचा "जरासा" ठोका मारायची इच्छा होते. मारू नका. टॉर्क मर्यादित ठेवणाऱ्या वेगवेगळ्या रंगांच्या काड्या मिळतात, गनवर तीन वेगांची बटणंही असतात. पण बॅटरी किती भरलीय, गोटी किती लांब आहे, आटे किती कोरडे आहेत, यावर त्यांचा आकडा बदलत राहतो. त्या घाई कमी करायला ठीक, शेवटचा शब्द त्यांचा नाही.

नवीन चढवलेल्या चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर परत तपासायचे असतात. रामटेकला जाऊन आलात तर साधारण तेवढंच होतं. आल्या आल्या चाक तापलेलं असतं, त्यामुळे गाडी सावलीत लावा, चाक निवू द्या आणि संध्याकाळी टॉर्क रेंच घेऊन सगळ्या नटांवर एकेक टक् ऐका. एखादा नट टक् व्हायच्या आधी हलला तर उद्या सकाळी परत बघा.